एलओआर कोणाकडून घ्यायचं आणि कसं मागायचं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रात्री साडेअकराच्या सुमारास, माझ्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी असा एक तरी मेसेज येतो: ‘गुड इव्हिनिंग मॅम, एलओआरची लिंक पाठवली आहे, प्लीज आजच सबमिट करा, डेडलाइन आहे.’ खाली नाव नसतं. डीपीवर कुठल्यातरी गडावरचा सूर्यास्त असतो. हा मुलगा कुठल्या बॅचचा, मी त्याला काय शिकवलं, त्याला कुठे आणि कशासाठी जायचंय, सगळं मीच शोधून काढायचं असतं.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत परदेशी प्रवेशासाठीची शिफारसपत्रं, म्हणजे एलओआर (लेटर ऑफ रेकमेंडेशन), लिहिणं हा न नेमलेला, पण न टळणारा उद्योग असतो. पत्र कसं मागावं हे सांगणारे कन्सल्टंट गल्लोगल्ली आहेत. मी ते लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून सांगते.

आधी मोजा: किती पत्रं, कुठल्या प्रकारची

अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीसाठी बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारण दोन. जर्मनीत कोर्सगणिक फरक पडतो: काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दोन, तर काही ठिकाणी मागतच नाहीत. कॅनडात दोन किंवा तीन. ‘माझ्या मित्राला दोनच लागली’ यावर विसंबू नका, तो दुसऱ्या विभागात गेलेला असतो. एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांचे नियमसुद्धा वेगळे असू शकतात. त्या-त्या कोर्सच्या प्रवेशाच्या पानावर आकडा लिहिलेला असतो, तो स्वतः वाचा.

त्याच पानावर पत्र ‘शैक्षणिक’ हवं की नोकरीच्या ठिकाणचंही चालेल हेही दिलेलं असतं. नुकतंच बीई झालेल्याने तिन्ही पत्रं शिकवणाऱ्यांकडून घ्यावीत, किंवा दोन शिक्षकांची आणि एक इंटर्नशिपमधल्या वरिष्ठांचं. दोन-तीन वर्षं नोकरी केलेल्याने एक पत्र ऑफिसमधलं घेणं साहजिक आहे. पीएचडीला मात्र तुमचं संशोधनाचं काम जवळून पाहिलेली माणसंच लागतात. तिथे कंपनीतल्या मॅनेजरने ‘टीम प्लेअर’ म्हणून केलेल्या कौतुकाचा फारसा उपयोग होत नाही.

आणखी एक. एलओआर आणि ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला त्याचा वेळ लागतो. दोन्हींची धावपळ एकाच आठवड्यात नको.

कोणाला विचारायचं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याकडे पहिली धाव एचओडी सरांकडे, जमलं तर प्रिन्सिपलांकडे. पद मोठं तर पत्र मोठं, हा हिशोब. पण हे पत्र वाचणारा ॲरिझोनात किंवा जर्मनीतल्या आखेनमध्ये बसलेला असतो. आपल्या कॉलेजचे प्रिन्सिपल कोण आणि त्यांचा दरारा किती, त्याला काय माहीत? त्याच्यासमोर फक्त कागद असतो. ह्या माणसाने ह्या विद्यार्थ्याला कधी, कुठे आणि किती पाहिलंय, एवढंच तो त्या कागदात शोधतो.

एकाच मुलीसाठी दोन पत्रं कशी होऊ शकतात ते पाहा. पहिलं असं: ‘ती अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक व हुशार विद्यार्थिनी असून तिची उपस्थिती उत्तम होती. वर्गात ती कायम पहिल्या पाचांत असे.’ असं पत्र मी दहा मिनिटांत कोणासाठीही लिहू शकते, आणि वाचणाऱ्यालाही ते कळतं.

दुसरं असं: ‘तिसऱ्या वर्षी हीट एक्स्चेंजरच्या प्रयोगात गरम पाण्याने गमावलेली आणि थंड पाण्याने घेतलेली उष्णता जुळत नव्हती. बाकीच्या गटांनी आकडे जुळवून आणले. ती न जुळणारेच आकडे घेऊन आली आणि म्हणाली, रोटामीटरवर (पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या नळीवर) संशय आहे. आम्ही तो उघडला. नळीत क्षार साठून फ्लोट अडकत होता.’

आपल्याकडे मागच्या बॅचची जर्नल उतरवून काढायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. चुकलेलं रीडिंग घेऊन मॅडमसमोर उभं राहायला धाडस लागतं, म्हणून मला ती मुलगी आजही आठवते. तिचं पत्र लिहायला मला तिची मार्कशीट उघडावी लागली नाही. त्या विषयात तिला मार्क काही फार नव्हते, हेही सांगते.

तेव्हा स्वतःला विचारा: माझ्याबद्दल असा एक तरी प्रसंग कोण सांगू शकेल? तो माणूस तुमचा. तो नवखा असिस्टंट प्रोफेसर असला तरी चालेल. बीईच्या प्रोजेक्टचे गाइड बहुधा यादीत पहिले येतात, कारण वर्षभर दर आठवड्याला तुमची बहाणेबाजी त्यांनी ऐकलेली असते. दुसरे, तुम्ही ज्या दिशेने जाणार त्या विषयाचे शिक्षक. रोबोटिक्सला अर्ज करत असाल तर कंट्रोल्सच्या सरांचं पत्र इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या सरांपेक्षा बोलकं ठरतं. तिसरी व्यक्ती शक्यतो वेगळी बाजू दाखवणारी असावी: इंटर्नशिपमधले इंजिनिअर, बाहा किंवा सुप्रा ह्या गाडी बनवायच्या स्पर्धांतल्या टीमचे फॅकल्टी ॲडव्हायजर, उन्हाळ्यात ज्यांच्याकडे काम केलं ते एखाद्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ. तिघांनी मिळून एकच गोष्ट तीनदा सांगितली तर दोन पत्रं वायाच गेली.

आमदार, नगरसेवक, बाबांचे कंपनीतले साहेब, ओळखीचे डॉक्टर ह्यांची पत्रं घेऊ नका. नातेवाईक तर नाहीच, आडनाव वेगळं असलं तरी. क्लासच्या सरांचंही नको. तुमच्या पदवीशी त्यांचा संबंध नसतो.

तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सर-मॅडमचं चालतं का, हा प्रश्न नेहमी येतो. चालतं. पत्रात ‘मी ह्या विद्यार्थ्याला अमुक सेमिस्टरमध्ये अमुक विषय शिकवला’ हे खरं असलं की झालं. अडचण असते ती ईमेलची. कॉलेज सोडलं की त्यांचा कॉलेजचा ईमेल बंद होतो आणि विद्यापीठाची लिंक तिथेच जाऊन पडते. म्हणून त्यांना आधी विचारा: जानेवारीपर्यंत इथेच आहात ना?

कधी विचारायचं

अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांच्या तारखा १ डिसेंबर, १५ डिसेंबर किंवा जानेवारीच्या सुरुवातीच्या असतात. तारीख डिसेंबरची आहे म्हणून नोव्हेंबरमध्ये विचारू, असा हिशोब करणाऱ्याने आमचं कॅलेंडर पाहिलेलं नसतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सबमिशन, टर्मवर्क, ओरल्स. मध्ये दिवाळीची सुट्टी, आणि अर्धा स्टाफ गावी. मग लेखी परीक्षा, सुपरव्हिजन आणि लगेच कॅप सेंटरवर पेपर तपासणी. त्यातच कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची किंवा एनबीएची भेट लागली तर विचारूच नका.

गणपतीच्या आधी विचारा. जुलैचा शेवट ते ऑगस्ट, नवीन सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं असतं, स्टाफरूममध्ये माणसं बसलेली सापडतात आणि मान वर करून बोलतात. पत्र दिवाळीआधी तयार व्हावं असं धरून चाला. ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत अर्ज करणार असाल तर तिथल्या तारखेपासून दोन महिने मागे मोजा.

तिसऱ्या वर्षात असाल तर आत्ता पत्र मागू नका, पण कोणाकडे मागणार ते मनाशी ठरवा आणि त्यांच्याकडे नीट काम करा. शेवटच्या वर्षी ओळख वाढवायला येणारी मुलं आम्हाला लांबूनच कळतात.

कसं विचारायचं

प्रत्यक्ष जाऊन. लेक्चर संपल्या संपल्या दारात गाठून नाही. आधी मेसेज करून वेळ घ्या. कॉलेज सोडून दोन-चार वर्षं झाली असतील तर ईमेल करा, मग फोन. तो ईमेल असा काहीसा:

‘नमस्कार मॅडम, मी २०२३ साली आपल्या विभागातून मेकॅनिकलला बीई झालो. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवलं होतं, आणि सोलर ड्रायरच्या प्रोजेक्टवर आपण माझ्या गाइड होतात. आमच्या गटात चौघे होतो, डेटा लॉगिंगचा भाग माझ्याकडे होता. गटाचा फोटो सोबत जोडला आहे. आता थर्मल सायन्सेसमध्ये एमएससाठी सहा विद्यापीठांना अर्ज करत आहे. पहिली तारीख १ डिसेंबर आहे. आपल्याला माझ्या कामाबद्दल चांगलं पत्र देता येईल असं वाटत असेल तर आपण द्याल का? तसं वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी समजू शकतो. आपल्या सोयीच्या वेळी फोन करून भेटायला येईन.’

इंग्रजीत लिहिलंत तरी आशय हाच ठेवा. फोटोवर हसू नका. दरवर्षी दीडशे चेहरे समोरून जातात, नावावरून चेहरा आठवत नाही, चेहऱ्यावरून मात्र बेंच नंबरसुद्धा आठवतो.

‘चांगलं पत्र देता येईल असं वाटत असेल तर’ हे शब्द गाळू नका. त्यात समोरच्याला नाही म्हणायची वाट ठेवलेली असते. आपल्याकडे शिक्षक तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघू’, ‘नंतर ये’, ‘एचओडींना का नाही विचारत?’ असं म्हणतात. दोनदा असं उत्तर मिळालं की ते नाहीच समजा आणि दुसरीकडे वळा. ओढूनताणून घेतलेलं पत्र कोमट निघतं. अर्जात पत्र कमी पडलं तर निदान लक्षात तरी येतं, कोमट पत्राचं तुम्हाला कधी कळतच नाही.

हो म्हटल्यावर काय द्यायचं

एकाच ईमेलमध्ये सगळं: एक पानी सीव्ही, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीटची एकच पीडीएफ, एसओपी (हा कोर्स का करायचाय हे सांगणारं तुमचं निवेदन) अर्धवट असला तरी त्याचा मसुदा, आणि विद्यापीठांचा तक्ता. तक्त्यात विद्यापीठ, विभाग, कोर्सचं नेमकं नाव, पत्र लिंकवरून द्यायचं की पीडीएफ करून, आणि शेवटची तारीख. पहिली संपणारी तारीख सगळ्यात वर.

तारखेपुढे भारतीय वेळ लिहा. न्यूयॉर्कच्या बाजूच्या विद्यापीठाची १ डिसेंबरची रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे २ डिसेंबरची सकाळ, १०:२९. कॅलिफोर्नियाची असेल तर दुपारी १:२९. पत्र शेवटच्या सकाळी टाका असं सुचवत नाही. पण सर कॅप सेंटरवर अडकलेले असताना ही दहा तासांची ढील कधीकधी वाचवते.

आणि अर्धं पान, जे फार थोडे देतात: तुमच्या त्यांच्याबरोबरच्या कामाचे मुद्दे. कुठलं सेमिस्टर, कुठला विषय, प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा नेमका काय, कुठे अडलात, कसं सोडवलंत, आकडा असेल तर आकडा. विशेषणं नकोत, ती घालायला आम्ही आहोत. ‘मॅडम, त्या दिवशी थर्मोकपल उलटे जोडले होते आणि आपण पंधरा मिनिटं काही न बोलता पाहत राहिलात’ असं एक वाक्य पुरतं, मला सगळं आठवतं.

विद्यापीठं किती? पाच-सहा, फार तर आठ. पंधरा विद्यापीठांची यादी घेऊन येणाऱ्याला मी ती अर्धी करून आणायला सांगते. पत्र एकच असलं तरी प्रत्येक पोर्टलवर वेगळा फॉर्म असतो, हे मुलांना माहीतच नसतं. ह्याला किती काळ ओळखता, कुठल्या नात्याने ओळखता, आणि मग तक्ता: विश्लेषणाची क्षमता, लेखन, चिकाटी, स्वतंत्रपणे काम करणं. प्रत्येकापुढे खूण करायची, वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत. एका विद्यापीठामागे वीस-पंचवीस मिनिटं जातात. सगळीकडे ‘वरच्या पाच टक्क्यांत’ ठोकून देणारे शिक्षक आहेत. मी देत नाही, आणि पत्र द्यायचं ठरल्यावर तसं सांगूनही टाकते.

पत्रात प्रत्येक विद्यापीठाचं नाव घालण्याचा आग्रह धरू नका. ‘प्रवेश समितीस’ एवढं पुरतं. एकदा नावं बदलता बदलता एका मुलाचं पत्र मी भलत्याच विद्यापीठाच्या नावाने चढवलं होतं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, तिथल्या ऑफिसला ईमेल करून दुरुस्त पत्र पाठवावं लागलं. त्यानंतर नाव घालणं बंद.

‘तूच ड्राफ्ट करून आण’

हे वाक्य तुम्ही ऐकणारच. बऱ्याच कॉलेजांत हीच रीत आहे: मुलाने पत्र लिहून आणायचं, सरांनी लेटरहेडवर सही करायची. सर वाईट असतात असं नाही. चाळीस मुलं दारात उभी असतात आणि इंग्रजीत दोन पानं लिहायचा कंटाळाही असतो.

तरी ड्राफ्ट देऊ नका, वर सांगितलेले मुद्दे द्या. ‘सर, मुद्दे तपशिलात लिहून आणलेत, आपल्या शब्दांत यावं असं वाटतं’ म्हणा. अनेकदा तेवढ्याने काम होतं, कारण अडचण कोऱ्या पानाची असते. त्यावरही अडून बसले तर दुसरे शिक्षक शोधा. कारण साधं आहे. तीन पत्रं एकाच हाताने लिहिली की तिन्हींत तीच वळणं, तेच शब्द, स्वल्पविराम चुकायची जागाही तीच. त्यात एसओपीसुद्धा त्याच हाताचा. हे चारही कागद समिती एकापाठोपाठ एक वाचते. एआयकडून लिहून घेतलं तर आणखी गुळगुळीत होतं, एवढाच फरक.

ह्याच्याही पुढचा प्रकार म्हणजे सरांच्या नावाने जीमेल खातं उघडून पत्र स्वतःच चढवणं. काही एजंट हे ‘पॅकेज’मध्ये देतात. ही सरळ फसवणूक आहे. पकडली गेली तर अर्ज रद्द होतो, आणि प्रवेश झाल्यानंतर उघड झाली तर प्रवेशही जाऊ शकतो. पत्र कुठल्या आयपी पत्त्यावरून आलं ह्याची नोंद सर्व्हरवर राहतेच. एजंटला पैसे दिलेले असले तरी अर्जावर सही तुमची असते.

पोर्टलवर

शिक्षकांचं नाव, पद आणि ईमेल भरताना त्यांच्याकडून लिहून घ्या. एक ठिपका चुकला की लिंक हवेत जाते. ईमेल शक्यतो कॉलेजच्या डोमेनचा द्या, जीमेलवर बरीच विद्यापीठं शंका घेतात, काही स्वीकारतच नाहीत. कॉलेजने ईमेल दिलेलाच नसेल तर पत्र लेटरहेडवर असावं आणि त्यात विभागाचा फोन असावा.

काही पोर्टलवर नाव भरताच लिंक सुटते, काही ठिकाणी पूर्ण अर्ज सादर केल्यावरच. दुसऱ्या प्रकारात शेवटच्या दिवशी फी भरलीत तर शिक्षकांच्या हातात काहीच वेळ उरत नाही. लिंक पाठवली की त्याच दिवशी कळवा आणि स्पॅम फोल्डर बघायला सांगा. दहातल्या तीन-चार लिंक मला तरी तिथेच सापडतात.

अमेरिकी अर्जात एक प्रश्न येतो: हे पत्र पाहण्याचा हक्क तुम्ही सोडता का? १९७४ च्या फर्पा ह्या कायद्याने तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिलाय, त्यातला हा भाग. ‘सोडतो’ म्हणा. नाहीतर विद्यार्थी वाचणार म्हणून शिक्षकाने हात राखून लिहिलं असेल, अशी शंका वाचणाऱ्याला येते. आणि एकदा सोडलात की सरांकडे ‘पत्राची कॉपी मिळेल का’ म्हणून जाऊ नका.

जर्मनीचं वेगळं. तिथे अनेक ठिकाणी पत्राची पीडीएफ तुम्हीच अर्जाला जोडायची असते. म्हणून लेटरहेड, तारीख, सही, पद, संपर्क आणि शिक्का हे सगळं पाहून घ्या. लेटरहेड ऑफिसातून मिळतं आणि ते देणारे क्लार्क दुपारी जेवायला गेलेले असतात, हा दिवसही हिशोबात धरा.

बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

ब्रिटनला यूकासमधून (तिथल्या पदवी प्रवेशांच्या सामाईक यंत्रणेतून) अर्ज करताना कॉलेजचं एकच संदर्भपत्र लागतं. २०२४ च्या प्रवेशापासून त्याचे तीन भाग केले आहेत: कॉलेजची माहिती, विद्यार्थ्याच्या अडचणीची काही परिस्थिती असेल तर ती, आणि इतर उपयुक्त माहिती. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय अभ्यासक्रमांची तारीख १५ ऑक्टोबरच्या आसपास असते, म्हणजे बाकीच्यांच्या फार आधी. अमेरिकेच्या कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामाईक अर्जात, कौन्सेलरचं पत्र आणि शिक्षकांची पत्रं वेगळी असतात. आपल्या ज्युनिअर कॉलेजांत कौन्सेलर हे पद बहुधा नसतंच, तेव्हा प्रिन्सिपल किंवा व्हाइस प्रिन्सिपल ते भरतात, आणि त्यांना तो फॉर्म काय आहे हे आधी बसून समजावून द्यावं लागतं.

खरी पंचाईत इंटिग्रेटेडवाल्यांची. दोन वर्षं क्लासला गेलेली, कॉलेजात फक्त प्रॅक्टिकलला उगवलेली. लिहिणार कोण? अशांनी अकरावीतच एक-दोन शिक्षक धरावेत आणि प्रॅक्टिकल मनापासून करावीत. दुसरा मार्ग मला माहीत नाही.

आठवण आणि नंतर

मुदतीच्या तीन आठवडे आधी एकदा, एक आठवडा आधी एकदा, आणि दोन दिवस राहिले असताना फोन. ह्याला मागे लागणं म्हणत नाहीत, आम्ही खरंच विसरतो. मेसेजमध्ये ‘रिमाइंडर सर’ एवढंच न लिहिता राहिलेल्या विद्यापीठांची नावं आणि तारखा द्या. काही विद्यापीठं पत्राला दोन-चार दिवस उशीर चालवून घेतात, पण ते तिथल्या विभागाला ईमेल करून विचारा, गृहीत धरू नका. एखादे शिक्षक अचानक रजेवर गेले तर म्हणून चौथं नाव मनात ठेवा, आणि त्यांनाही ऑगस्टमध्येच कल्पना द्या.

पत्राचे पैसे किंवा भेटवस्तू देऊ नका. पेढे चालतात, पण प्रवेश मिळाल्यावर. आणि न मिळाला तरी कळवा. मार्च-एप्रिलमध्ये निकाल येतात तेव्हा बहुतेक मुलं इन्स्टाग्रामवर टाकतात आणि आम्हाला ते दुसऱ्याच कोणाकडून कळतं. रोटामीटरवाल्या मुलीने पाचही उत्तरं एकेक करून कळवली होती, तीन नकारांसकट. पुढच्या वर्षी तिच्या धाकट्या भावाला पत्र हवं होतं. मी त्याला कधीच शिकवलं नव्हतं, म्हणून नाही म्हटलं, आणि कोणाकडे जायचं ते सांगितलं.